करंट गेला की मला बरं वाटतं

आमच्या बेळगावच्या वडगावात करंट गेला की अख्खी गल्ली शिव्या घालते. मी एकटीच अंधारात हात जोडते. साड्या विणणारे यंत्रमाग थांबतात, समोरचा एलईडी विझतो आणि डोक्यात सकाळपासून चाललेली करवत जरा हळू होते.

मग लगेच लाज वाटते. शेजारच्या काकांना मजुरी साडीमागे मिळते. माग दोन तास बंद म्हणजे त्यांच्या पोटाला चिमटा. त्यामुळे मागाबद्दल मी कधी तक्रार केली नाही, करणारही नाही.

मला एमई (मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस) हा आजार आहे, जरा श्रम झाले की अंग गळून जातं, आवाज-उजेड सोसत नाही. पाच वर्षांपूर्वी एक ताप आला, तो गेला, पण मी काही परत आले नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९६९ सालीच याला मज्जासंस्थेच्या आजारांत घातलंय. पण रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, म्हणून पाहुण्यांच्या लेखी "मनाचे खेळ".

मागाची खटखट एकसारखी असते, कशीबशी सोसते. पण मोरीत स्टीलचं ताट पडलं की तो आवाज कानात नाही, दातांत वाजतो. हात कापतात, मळमळतं. जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. तुम्हाला ती स्थिर दिसते. मी तिच्याखाली दहा मिनिटं बसले की कपाळ ठणकायला लागतं. आणि हिशोब त्याच दिवशी मिटत नाही. बारशाला तासभर बसून आले तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठून चहासुद्धा करता येत नाही. तोवर सगळ्यांनी फोटो बघितलेला असतो. "चांगली हसत होतीस की गं!"

"कानात बोळे घाल की" हा सल्ला तर रोजचा. दिवसभर बोळे घातले तर कान आणखी हळवे होतात, घरात सतत काळा चष्मा लावला तर डोळेही, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणजे बंदही करू नको, उघडंही ठेवू नको. करायचं काय, ते तेवढं कुणी सांगत नाही.

राहिला डॉल्बी. वस्तीत रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, २००० सालच्या नियमांत लिहिलेली. विसर्जनाच्या रात्री ती कुठे असते, बेळगावकरांना मी काय सांगू! मिरवणूक बंद करा असं माझं म्हणणं नाही. लहानपणी कपिलेश्वर तलावापर्यंत मीही नाचत गेलेय. मला फक्त वेळ आधी कळायला हवी. अचानक आलेला आवाज सगळ्यात जास्त मारतो.

गेल्या वर्षी मंडळाचा एक पोरगा दारात आला, कुजबुजत म्हणाला, "आक्का, आमची गाडी साडेआठला येणार. दहा मिनिटं थांबणार, बस्स." मी आठलाच मागच्या खोलीत गेले, खिडकीला गादी लावली, डोक्यावर ओला टॉवेल घेतला.

गाडी आली साडेदहाला. तोवर टॉवेल वाळला होता.

तरी राग आला नाही. पाच वर्षांत विचारायला आलेला तो पहिलाच. यंदा त्याला म्हणणार होते, उशीर होत असेल तर मिस्ड कॉल दे. मग रिंगटोन आठवली. मेसेज टाक बाबा, स्क्रीनचा उजेड तेवढा सोसेन.