तारखा सर्व्हरने नाही, कॅलेंडरने सरकवल्या

गोव्यात बांधकामाचं प्लॅनिंग करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतोय. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या शेड्युल बनवायच्या सॉफ्टवेअरच्या एमपीपी फायली प्रोजेक्ट सर्व्हरवर, म्हणजे सगळ्या साइटची शेड्युलं एकत्र ठेवणाऱ्या त्याच्या सामायिक यंत्रणेवर, चढवू नका, असं त्यात म्हटलंय. कारणं दिलीत ती अशी: तारखा बिघडतात, बेसलाइन (तुलनेसाठी जपून ठेवलेलं मूळ वेळापत्रक) पुसली जाते, अर्धवट काम हेड ऑफिसला दिसतं, नेट गेलं की काम ठप्प होतं आणि सर्व्हर २०२६ मध्ये बंदच होणार आहे; त्यापेक्षा शेअर्ड फोल्डर बरा. मी फोंड्याला बसून चार साइटची शेड्युलं सांभाळते, आणि हा संदेश वाचून नव्याने कामाला लागलेली मुलं घाबरलेली मला दिसतात. म्हणून हे लिहितेय.

तारखांपासून सुरुवात करू, कारण संदेश लिहिणाऱ्याने जे पाहिलं ते खरं आहे. कारण मात्र चुकीचं सांगितलंय. पहिली फाइल चढवली तेव्हा माझ्याही तारखा सरकल्या होत्या. मी फाइलमधल्या ‘स्टँडर्ड’ कॅलेंडरमध्येच फेरफार करून ठेवले होते: शनिवार कामाचा, ३ डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त (चर्चचा वार्षिक उत्सव), १९ डिसेंबरचा मुक्तिदिन आणि चवथीचे (गणेश चतुर्थीचे) दिवस सुट्टीचे. सर्व्हरवरही ‘स्टँडर्ड’ नावाचं कॅलेंडर असतं. ते मुळात सोमवार ते शुक्रवारचं, त्यात एकही सुट्टी भरलेली नसते. नाव एकच असल्यामुळे सर्व्हरवरच्या कॅलेंडरने माझ्या कॅलेंडरची जागा घेतली.

याचा परिणाम आकड्यांत बघा. पायाचं काम ६० दिवसांचं, सुरुवात सोमवार १६ मार्च २०२६. मधल्या सुट्ट्या बाजूला ठेवल्या तर सहा दिवसांच्या आठवड्याने ते १० आठवड्यांत, २३ मे रोजी संपतं. पाच दिवसांच्या आठवड्याने १२ आठवडे लागतात, म्हणजे ५ जून. गोव्यात या दोन तारखांमध्ये काय फरक आहे हे साइटवर उभं राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही; ५ जूनला पाया उघडा असेल तर त्यात पाणी भरणार. उलट चवथीच्या दिवसांवर काम लागलं, जेव्हा इथला सुतार, गवंडी माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची सजावट) बांधायला घरी गेलेला असतो.

उपाय अर्ध्या दिवसाचा आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून आपल्या साइटचं कॅलेंडर वेगळ्या नावाने, सुट्ट्यांसकट, आधी तयार करून घ्या. मग फाइल इम्पोर्ट विझार्डमधून (फाइल टप्प्याटप्प्याने आत घेणाऱ्या सोयीतून) चढवा आणि प्रोजेक्टला तेच कॅलेंडर लावा. फाइलमधली माणसं सर्व्हरवरच्या, सगळ्या साइटना सामायिक असलेल्या मुख्य यादीतल्या नावांशी जोडताना त्यांची कॅलेंडरंही तपासा, कारण जोडल्यावर त्या यादीतलं कॅलेंडर आणि दर लागू होतात. चढवण्याआधीची आणि नंतरची समाप्तीची तारीख शेजारी शेजारी लिहून ठेवा. जुळली नाही तर पब्लिश करू नका, म्हणजे शेड्युल इतरांसाठी खुलं करू नका.

बेसलाइन पुसली जाते हे साफ चूक. फाइलमधली मूळ बेसलाइन आणि १ ते १० क्रमांकांच्या बेसलाइन फाइलबरोबर सर्व्हरवर जातात. शिवाय सर्व्हरवर प्रोजेक्टच्या परवानग्यांची पद्धत वापरली तर मूळ आणि १ ते ५ क्रमांकांच्या बेसलाइन कुणी नव्याने ठरवायच्या यावर निर्बंध घालता येतो. फोल्डरमधल्या एमपीपीत असं काहीच नाही. फाइल उघडता येणारा कुणीही त्यावर नवी बेसलाइन ठेवू शकतो.

अर्धवट काम दिसण्याबद्दल: सेव्ह आणि पब्लिश या सर्व्हरवर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसतं सेव्ह केलं की शेड्युल ड्राफ्टमध्ये राहतं. वेब पानावरच्या याद्यांत आणि माणसांच्या कामांत बदल पोचतो तो पब्लिश केल्यावर. ज्याला शेड्युल उघडायची परवानगी आहे त्याला ड्राफ्ट दिसतो, हे खरं. पण परवानगी कुणाला द्यायची हे ठरवता येतं.

नेटचं भय मला समजतं. सत्तरी-पेडण्यात पावसाळ्यात लाइन जाते. पण प्रोजेक्ट प्रोफेशनल या आवृत्तीत चेक-आउट केलेलं (बदल करण्यासाठी आपल्या नावावर घेतलेलं) शेड्युल आपल्या संगणकावरच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, असतं. ऑफलाइन काम करा, सेव्ह करा. नेट आलं की ते सर्व्हरवर जातं. प्रोजेक्ट स्टँडर्ड ही साधी आवृत्ती असेल तर मात्र सर्व्हरला जोडताच येत नाही, तो खर्च आधी धरा.

बंद होण्याच्या मुद्द्यात तीन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. मायक्रोसॉफ्टने ३० सप्टेंबर २०२६ ही बंद होण्याची तारीख जाहीर केली ती ऑनलाइन सेवेची, प्रोजेक्ट ऑनलाइनची. प्रोजेक्ट सर्व्हर २०१६ आणि २०१९ यांचा सपोर्ट १४ जुलै २०२६ पर्यंत. प्रोजेक्ट सर्व्हरची नवी आवृत्ती, सबस्क्रिप्शन एडिशन, पुढे चालू आहे. तेव्हा आज ऑनलाइनवर किंवा जुन्या आवृत्तीवर नव्याने फायली चढवू नका, एवढा इशारा रास्त. आणि सर्व्हरवरचं शेड्युल केव्हाही एमपीपी म्हणून परत उतरवता येतं.

एक अडचण संदेशात नाही, ती मी सांगते. एका फाइलमधलं काम दुसऱ्या फाइलला जोडलेलं असेल तर ते दुवे फाइलच्या पत्त्यावर टिकलेले असतात. एकच फाइल चढवून भागत नाही. जोडलेल्या सगळ्या फायली चढवून दुवे पुन्हा बांधावे लागतात. मी आधी कागदावर यादी केली आणि यात दोन दिवस गेले.

राहिला शेअर्ड फोल्डर. दोन-तीन साइट आणि एकच प्लॅनर असेल तर तो पुरतो, माझं काही म्हणणं नाही. आमच्याकडे वेर्ण्याच्या फाइलमध्ये आमचा सर्व्हेअर मे महिन्यात १०० टक्के लावलेला होता, डिचोलीच्या फाइलमध्येही १०० टक्के. फायली वेगळ्या हातांत, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. सर्व्हरवर दोन्हींतलं त्याचं नाव मुख्य यादीतल्या एकाच नावाशी जोडलं तेव्हा त्याच्यासमोर २०० टक्के आलं. डिचोलीची आखणी आम्ही आठवडाभर पुढे नेली आणि तसं तिथल्या कंत्राटदाराला एप्रिलमध्येच कळवलं.