आजोबा, घरी बसा म्हणे

सकाळी फॅमिली ग्रुपवर भाच्यानं क्लिप टाकली. गन्स एन' रोझेस या अमेरिकन रॉक बँडचा गायक ॲक्सल रोझ वरच्या पट्टीत जायला धडपडतोय आणि खाली ओळ : "आजोबा, आता घरी बसा की!" त्यावर हसऱ्या तोंडांची रांग. दोन तोंडं माझ्या सख्ख्या भावांची. चहा तसाच राहिला माझा.

अरे बाबा, तू जन्मायच्या आधी आम्ही परभणीत हा आवाज ऐकलाय. नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट, मित्राच्या मित्रानं भरून दिलेली, निम्मी खरखर. १९८७ चा पहिला अल्बम. ते किंचाळणं ऐकून शेजारच्या काकूंनी भिंत ठोकली होती. तो आवाज आता राहिला नाही, हे तू मला सांगणार?

१७ मे २०२५ ला त्यांच्या कार्यक्रमाला महालक्ष्मी रेसकोर्सवर मी स्वतः उभा होतो. आदल्या रात्री देवगिरी पकडताना आईला म्हटलं, बँड बघायला मुंबईला चाललो. ती म्हणाली, "लगीन कोणाचं हाय रं?"

हसा. पण आमच्याकडं बँड म्हणजे लग्नाचाच. आणि खोटं कशाला बोलू, त्या गर्दीत मला माझ्याच लग्नातला बँड आठवत होता. त्यातले मामू. आमच्या गल्लीचे. क्लॅरिनेट वाजवायचे. नवरदेव घोड्यावर बसला की पहिला सूर त्यांचा, हे ठरलेलं.

असो. मुद्द्यावर येतो. २०१२ ला हे लोक मुंबईत आले तेव्हा त्यांचा गिटारवाला स्लॅश सोबत नव्हता, म्हणून मी गेलोच नाही. १९९६ ला बँड सोडलेला माणूस २०१६ ला परतला. आपल्याकडं बांधाच्या भांडणात वीस वर्षांनी कुणी एका ताटात जेवलंय का, सांगा. आणि त्याच २०१६ मध्ये ॲक्सलचा पाय मोडला. हा गडी स्टेजवर खुर्ची टाकून गायला. बरं, नुसता आपल्या बँडसाठी नाही. एसी/डीसी या दुसऱ्या रॉक बँडचा गायक ब्रायन जॉन्सन, त्याला बहिरं होण्याची भीती निर्माण झाली, दौरा अडला, तर पाय मोडलेला हा माणूस तिकडंही जाऊन खुर्चीत बसून गायला. बसा म्हणता ना? बसला की. पण घरी नाही!

तिकिटाला पैसे मोजलेत तर बोलायचा हक्क आहे, मान्य. आवाज पातळ झालाय, तेही मान्य. त्रेसष्ट वर्षांचा होता त्या दिवशी. तुझ्या मामाला जिना चढून दम लागतो, तो अठ्ठेचाळीसचा आहे.

पण मला मामूंचं सांगायचंय, नाहीतर झोप येणार नाही.

२००३. बँडची सुपारी द्यायला मीच गेलो होतो. मालकाला म्हटलं, त्या म्हाताऱ्याला आणू नका, दम पुरत नाही, दात गेलेत, फुसफूस येते. पाहुणे हसतील. मालक म्हणाला, बरं.

लग्नाच्या दिवशी मामू आले होते. तोच लाल कोट, सोनेरी झालर, पण हातात खुळखुळा. क्लॅरिनेट एका पोराकडं. त्याला शिकवलेलं मामूंनीच. परण्या मारुतीकडं निघाला, मी घोड्यावरून बघतोय, मामू एका हातानं खुळखुळा हलवतायत आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या दांड्यावर चालतायत. प्रत्येक सुराला. पोरगं एका जागी चुकलं, तर बोटं थांबली. त्यांनी वर माझ्याकडं बघितलं, म्हणाले, "मुबारक बेटा."

महालक्ष्मीला स्लॅशनं टोपीखालून मान न उचलता सोलो सुरू केला आणि माझ्या डोळ्यांपुढं तो खुळखुळ्याचा दांडा. आजूबाजूची पोरं फोन वर धरून उड्या मारत होती, मी मधेच रडतोय. शेजारच्या मुलीनं पाण्याची बाटली पुढं केली. तिला वाटलं उकाड्यानं.

भाच्या, ग्रुपवर तुला फार बोललो, ते मी काढून टाकलंय. तू तर सातासमुद्रापलीकडच्या माणसाला म्हणालास, त्याला ऐकूही गेलं नाही. मामूंचं घर आमच्या घरापासून चौथं.