स्टीलसाठी दुसरी फेरी? आता नको

फँटसी बेसबॉलमध्ये आपण ड्राफ्टमध्ये आळीपाळीने खरे खेळाडू निवडतो आणि त्यांच्या खऱ्या आकड्यांवर आपल्याला गुण मिळतात. स्टील म्हणजे फटक्याची वाट न बघता पळून पुढचा बेस चोरणे. 'ड्राफ्टच्या पहिल्या दोन फेऱ्यांत एक तरी पळणारा उचलाच' हा सल्ला एका लेखात वाचला; तो 2022 पर्यंत ठीक होता. 2023 पासून बेस 15 वरून 18 इंचांचे झाले, पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) बेसवरच्या खेळाडूला रोखायला फुकटच्या दोनच संधी उरल्या आणि मेजर लीगमधली (अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल लीग) स्टील्स 2,486 वरून थेट 3,503 वर गेली. माल बाजारात इतका आल्यावर भाव कोण देणार? आता 20 स्टील करणारे शेवटच्या फेऱ्यांतही सापडतात.

मी स्वतः तोंडावर आपटलोय. आमच्या 12 संघांच्या रोटो लीगमध्ये (प्रत्येक आकड्याच्या रकान्यात वेगळी क्रमवारी लागते आणि त्यावर गुण मिळतात) 2023 मध्ये जुन्या हिशोबाने पळणाऱ्यांवर पैसे लावले. स्टीलमध्ये पहिला आलो, होमरन आणि आरबीआयमध्ये (आपल्या फलंदाजीवर संघाला मिळवून दिलेल्या धावा) तळाला! एस्तेउरी रुइझचंच 2023 चं बघा ना: 67 स्टील, होमरन मात्र 5. तो एक रकाना भरतो, बाकीचे रिकामे ठेवतो. रोनाल्ड अकुन्याची गोष्ट वेगळी, त्याच वर्षी 41 होमरन आणि वर 73 स्टील. असा कोणी मिळत असेल तर पहिल्या फेरीत डोळे मिटून घ्या. नुसत्या पायांसाठी मात्र दहाव्या फेरीच्या आधी मी कोणाला उचलणार नाही.