फ्लॉरेन्सच्या बाजारात पीच कसं दाबावं

फ्लॉरेन्सला निघालात? मग तिथले बाजार बघितल्याशिवाय परतू नका. उफिझी चित्रसंग्रहालयाची तिकिटं काढून झाली असतील, मायकेलअँजेलोच्या डेव्हिडच्या पुतळ्यासमोर कुठल्या पोझमध्ये उभं राहायचं तेही ठरलं असेल. राहिला बाजार. तो कसा करावा याचं साग्रसंगीत प्रात्यक्षिक मला नुकतंच आपल्याच माणसांकडून बघायला मिळालं. ते ज्ञान स्वतःजवळ ठेवणं बरं नाही.

आधी वेळ. सांताम्ब्रोजोचा बाजार सकाळी सातला भरतो आणि बहुतेक दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला आवरतो. तेव्हा हॉटेलातला फुकटचा नाश्ता शेवटच्या मिनिटापर्यंत पुरवावा, मग सगळ्यांच्या आंघोळी, मग कुणाचा तरी चार्जर शोधणं, आणि पावणेदोनला पोचून ‘काही नाही हो इथे, उगाच नाव’ असा रिव्ह्यू टाकावा. एक तारा.

रविवारी गेलात तर फारच उत्तम. बंद असतो.

सान लोरेन्झोजवळचा मेर्काटो चेंत्राले हा मोठा. मिलानची ती प्रसिद्ध गॅलेरिया, म्हणजे काचेच्या छताखालची दुकानांची गल्ली, उभारणाऱ्या ज्युझेप्पे मेंगोनीनेच 1874 साली ही लोखंड-काचेची इमारत पुरी केली. (सांताम्ब्रोजोही त्याचाच.) पण मान वर करून छत बघायची गरज नाही. 2014 पासून वरच्या मजल्यावर खाण्याचे स्टॉल थाटलेत, तिथे जाऊन पिझ्झा खावा. खाली कसाई, चीजवाले, सुक्या मशरूमवाले आहेत, त्यांना नुसतं ‘चाओ’ म्हणून पुढे व्हावं. ट्रफल (जमिनीखाली उगवणारी महागडी बुरशी) तेलाची बाटली मात्र घ्याच. स्वस्तातल्या बहुतेक बाटल्यांमध्ये ट्रफल नावापुरतं आणि वास प्रयोगशाळेतला असतो, पण बॅगेत फुटल्यावर सगळ्यांच्या कपड्यांना लागतो सारखाच.

लांप्रेदोत्तोच्या गाडीपाशी नाक दाबून फोटो काढा. गायीच्या चौथ्या पोटाची वजडी ती. रश्शात तासन्‌तास शिजते, पावाचा वरचा भाग त्याच रश्शात बुडवून देतात, वर हिरवी चटणी. ज्यांना खायचं नाही त्यांनी खाऊ नये, प्रश्नच नाही. फक्त ‘ई, शी!’ हे खाणाऱ्याच्या तोंडासमोर आणि मोठ्याने म्हणायचं. त्याला मराठी येत नाही, म्हणजे त्याला चेहराही वाचता येत नाही.

थेपले फूटपाथवर बसूनच खा. 2018 मध्ये तिथल्या पालिकेने उफिझीजवळच्या गल्ल्यांत जेवणाच्या वेळी असं बसून खाण्यावर 500 युरोपर्यंत दंड लावला होता, तो काय आपल्याला उद्देशून नव्हता.

आता फळं. यात आपला हात कोण धरणार? इटलीत बाजारातल्या फळाला गिऱ्हाईकाने हात लावायचा नसतो. आज खायचंय की उद्या, एवढं सांगायचं, विकणारा त्या हिशेबाने निवडून देतो. पण हे झालं ज्यांना फळातलं कळत नाही त्यांच्यासाठी. आपण अंगठ्याने दाबून बघायचं. माझ्यापुढे उभ्या काकांनी तेच केलं. एक दाबलं, ठेवलं. दुसरं दाबलं, नाकाशी नेलं, ठेवलं. वरच्या रांगेतली यच्चयावत पीचं तपासून झाली. काकू तोवर टोमॅटोत. चिरंजीव ‘हाय गाइज’ करत मागे सरकत रील काढत होते, ते थेट एका आजींच्या चाकाच्या पिशवीवर आदळले. आजींनी पिशवी बाजूला घेतली आणि पुन्हा वाट बघत उभ्या राहिल्या. दुकानदारीण ‘नो, नो, सिन्योरे’ म्हणाली. काकांनी हसून मान डोलावली आणि आणखी एक दाबलं. मग भाव विचारला. मग युरोचे रुपये केले, मोठ्याने. ‘एवढ्यात आपल्याकडे पेटी येते!’ मग बोटांनी ‘अर्धे कर’. आणि घेतलं काय? काही नाही. ‘चला, बसमध्ये केळी आहेत.’

अंगठ्याचे खळगे पडलेली पीचं ती बाई एकेक उचलून खालच्या पेटीत टाकत होती. माझा नंबर आला, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी काही बोलायच्या आधी परडी मागे ओढली.

घासाघीस करायची तर तिला जागा आहे हो! सांताम्ब्रोजोच्या शेजारीच लार्गो आन्निगोनी या चौकात जुना बाजार आहे. आधी तो पियात्झा देई चोम्पीत भरायचा. 1378 साली बंड केलेल्या लोकर-कामगारांच्या नावाचा चौक तो. जुन्या चौकटी, कंदील, पितळी कड्या, दोन पिढ्यांपूर्वीची पोस्टकार्डं. तिथे भाव पाडलेला चालतो. पण तिथे आपण ‘भंगार आहे’ म्हणून आत शिरत नाही, आणि रस्त्यावर चादरीवर मांडलेली नकली ब्रँडची पर्स सांगेल त्या किमतीला घेतो. पकडलं गेल्यास घेणाऱ्यालाही 300 ते 7000 युरो दंड आहे. तेवढ्यात किती पेट्या येतात, काकांना विचारा.

दिवाळं निघालंच तर मेर्काटो नुओवो या बाजारात जा. तिथल्या रानडुकराच्या नाकावरून हात फिरवायला सगळेच रांग लावतात. (तो पुतळा नक्कल आहे, शिल्पकार पिएत्रो ताक्काचा अस्सल बार्दिनी संग्रहालयात.) तिथेच जमिनीत एक गोल दगड आहे, दिवाळखोर व्यापाऱ्यांचा उघडा पार्श्वभाग त्यावर आपटत असत.

पुरे झाली थट्टा. या शहराने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आपला शतकानुशतकांचा मध्यवर्ती बाजार पाडून तिथे पियात्झा देल्ला रेपुब्लिका हा चौक केला. वर कमानीवर कोरलंय की शतकांची बकाली जाऊन नवं जीवन आलं. आज तिथे कॅफे आहेत, आणि आजूबाजूच्या माणसांना पावटे, मासे घ्यायला हे थोडे बाजार उरलेत. त्या आजींना रात्रीचं जेवण करायचं होतं. तुम्हाला लाइक हवे होते. फळ घ्यायचं नसेल तर रांगेत उभं राहू नका. घ्यायचं असेल तर बोट दाखवा, पैसे द्या, ‘ग्रात्सिए’ म्हणा. आणि मुलाला सांगा, फोन खिशात घाल, मागे माणसं उभी आहेत.