व्यायच्या आधी कॅल्शियम पाजल्याने गाय बसायची थांबत नाही

शिरूर, दौंड, जुन्नरकडच्या दूधवाल्यांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरतोय: ‘गाभण गाईला शेवटचे दोन महिने रोज लिक्विड कॅल्शियम पाजा, व्याल्यावर बसणार नाही. बसलीच तर तो दुधाचा ताप. तापाचं इंजेक्शन द्या आणि कॅल्शियमची बाटली तोंडाने ओता.’ गाय ‘बसते’ म्हणजे व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम उतरून तिला उठता येत नाही; यालाच ‘दुधाचा ताप’ हे नाव पडलंय. मेसेजमधली तिन्ही वाक्यं गाईच्या जिवावर उठणारी आहेत.

आधी पहिलं, कारण नुकसान तिथूनच सुरू होतं. गाईच्या वाहत्या रक्तात एका वेळी जेमतेम 3 ग्रॅम कॅल्शियम असतं. दहा लिटर चीक निघाला की त्यातून 20 ग्रॅमच्या आसपास निघून जातं. ही तूट हाडांतून आणि आतड्यांतून भरून काढावी लागते, आणि तो हुकूम मानेतली पॅराथायरॉइड ग्रंथी देते. दूध आटलेल्या गाभण गाईला आयतं कॅल्शियम मिळत राहिलं तर ही ग्रंथी सुस्तावते. व्याल्यावर एकदम गरज वाढते, ग्रंथीला जागं व्हायला दोन-तीन दिवस लागतात, आणि गाय बसते ती नेमकी त्याच दिवसांत. तिसऱ्या वेतापासून धोका वाढतो. जर्सीत तो आणखी जास्त.

लसूणघासही याच कारणासाठी शेवटचे तीन आठवडे हात राखून द्यावा. त्यात कॅल्शियम भरपूर आणि पोटॅशियमही भरपूर. पोटॅशियमने रक्त अल्कधर्मी होतं आणि ग्रंथीचा हुकूम हाडांपर्यंत नीट पोचत नाही. त्याऐवजी मक्याचा मुरघास, कडबा वाढवा. मॅग्नेशियम कमी पडू देऊ नका, त्याच्याशिवाय हे चक्र फिरत नाही. शेवटच्या 21 दिवसांसाठी अ‍ॅनायनिक मिश्रण (रक्ताचा अल्कधर्मीपणा कमी करणारे क्षार) मिळतं, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि लघवीचा सामू (pH) तपासत द्यायचं. कॅल्शियम वाईट नाहीच. व्याल्याबरोबर, उभ्या गाईला, कॅल्शियमचं जेल किंवा बोलस (मोठी गोळी) जरूर द्या.

ताप म्हणाल तर तो नसतोच. गाईचं तापमान साधारण 101 ते 102 फॅरनहाइट असतं. बसलेल्या गाईचं उलट उतरतं. कान गार, नाक कोरडं, मान कुशीकडे वळवलेली. तापाच्या इंजेक्शनात गेलेला वेळ महागात पडतो.

आणि बसलेल्या गाईच्या तोंडात बाटली? कृपा करून नको. तिची गिळण्याची ताकद गेलेली असते, औषध फुफ्फुसात उतरतं. तिला शिरेतून कॅल्शियम बोरोग्लुकोनेट लागतं, तेही पशुवैद्यकाने हृदयाचे ठोके ऐकत सावकाश सोडलेलं. घाईने सोडलं तर हृदय बंद पडतं. डॉक्टर येईपर्यंत गाईला कुशीवर आडवी पडू देऊ नका, पोट फुगतं. दोन्ही बाजूंनी पेंढ्याची पोती लावून छातीवर बसती ठेवा, खाली मऊ अंथरा. गाय उठल्यावरही पुढचे दोन दिवस लक्ष ठेवा. पुन्हा बसणाऱ्या गाई कमी नाहीत.