रक्तपिशवीआधीची पाच मिनिटं

ऑक्टोबर २०२५ मध्ये झारखंडच्या चाईबासा इथे, वारंवार रक्त घ्यावं लागणारी थॅलेसेमियाची पाच मुलं एचआयव्हीबाधित आढळली. तेव्हापासून एक मागणी पुन्हा जोर धरते आहे: देशभर प्रत्येक पिशवीची नॅट चाचणी सक्तीची करा. मागणी रास्तच आहे. लागण झाल्यावर एलायझा या नेहमीच्या रक्तचाचणीत प्रतिपिंडं दिसायला साधारण तीन आठवडे जातात. नॅट थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधते, म्हणून तो काळ नऊ ते अकरा दिवसांवर येतो. पण शून्यावर येत नाही. त्या दिवसांत दिलेलं रक्त कुठलंही यंत्र निर्दोषच ठरवेल, आणि ती पिशवी लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट अशी विभागून तीन रुग्णांपर्यंत जाऊ शकेल.

इथे इंग्लंडमध्ये नॅट होते, तरी सगळा भार तिच्यावर टाकलेला नाही. त्यामागे मोठी किंमत आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत अमेरिकेतून आणलेल्या, प्लाझ्मापासून बनवलेल्या रक्तघटकांमुळे आणि दूषित रक्तामुळे ब्रिटनमध्ये सुमारे ३०,००० लोकांना एचआयव्ही, हेपॅटायटिसची लागण झाली आणि ३,००० हून अधिक माणसं दगावली. त्या अमेरिकी प्लाझ्माचे बरेच दाते पैसे घेणारे होते, त्यात कैदीही होते. या प्रकरणाचा सर ब्रायन लँगस्टाफ यांचा चौकशी अहवाल मे २०२४ मध्ये आला. आपल्याकडे १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आहे, पण ‘बदली दाता आणा’, म्हणजे रुग्णाला दिलेल्या रक्ताच्या बदल्यात रक्त देणारा आणा, म्हटलं की घायकुतीला आलेले नातेवाईक कुणालाही आणून उभं करतात. तो काय सांगेल, काय लपवेल, याचा भरवसा नसतो.

कोल्हापुरात मात्र ऐच्छिक दात्यांची उणीव नाही. पेठापेठांतल्या तालमी, मंडळं यांची शिबिरं जोरात होतात. गडबड होते ती फॉर्म भरण्याच्या टेबलावर. मिरवणुकीनंतर एकदम गर्दी उसळते, कार्यकर्ते दात्याच्या तब्येतीचे, वर्तनाचे प्रश्न असलेल्या फॉर्मचा गठ्ठा घेऊन बसतात आणि प्रश्न न विचारताच सगळीकडे ‘नाही’वर टिक करत जातात. दाता फक्त सही करतो. समजा प्रश्न विचारला, तरी डाव्या-उजव्या खुर्चीवर तालमीतलेच दोस्त बसलेले असतात. त्यांच्यादेखत ‘गेल्या काही महिन्यांत नवीन जोडीदाराशी संबंध आले का’ याला खरं उत्तर कोण देणार? वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन १२.५, ही तपासणी होते. ज्या तपासणीने एचआयव्ही अडतो तीच राहून जाते.

म्हणून आडोसा हवा. हॉलमधली एक खोली किंवा निदान पडदा, आत समुपदेशक आणि दाता, दोघंच. माणशी पाच मिनिटं धरली तर एक समुपदेशक तासाला बारा जण पाहतो, सहा तासांत बहात्तर. तीनशे दात्यांचं शिबिर घ्यायचं तर असे चार-पाच जण लागतात. तेवढे मिळत नसतील तर शिबिर लहान करावं. डब्बा, हेल्मेट, बॅग यांवर होणारा खर्च तिकडे वळवावा. भेटवस्तूमुळे नको तो माणूसही हात पुढे करतो, खरं सांगणारा गप्प बसतो. शिबिरानंतर दात्याच्या हाती एक फोन नंबर हवा: घरी गेल्यावर काही आठवलं, किंवा दोन आठवड्यांत ताप आला, तर कळवा, कारण न विचारता पिशवी बाजूला काढू. इथे इंग्लंडमध्ये प्रत्येक दात्याला असं सांगतात.

२६ जूनला शाहू जयंतीला सगळ्या तालमी एकदम रक्त देतात. लाल पेशी पिशवीतल्या टिकवणाऱ्या द्रवानुसार ३५ किंवा ४२ दिवस टिकतात, म्हणजे फार तर ७ ऑगस्टपर्यंत. पुढे टंचाई, आणि टंचाई आली की बदली दाते परत येतात. पुरुषाला ९० दिवसांनी, बाईला १२० दिवसांनी रक्त देता येतं. प्रत्येक तालमीने आपली पोरं चार गटांत वाटून तिमाहीला एक गट पाठवला, तर रक्त वर्षभर येतं आणि वारंवार तपासलेल्या माणसांचं येतं.

रक्तदाते निवडण्याच्या २०१७ च्या राष्ट्रीय निकषांत तृतीयपंथी, समलैंगिक पुरुष, देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया यांना कायमची बंदी आहे. ती सर्वोच्च न्यायालयात आव्हानाखाली आहे. इंग्लंडमध्ये जून २०२१ पासून माणूस कोण हे न पाहता प्रत्येकाला गेल्या तीन महिन्यांतलं वर्तन विचारतात. मला ही पद्धत जास्त सुरक्षित वाटते, कारण बायको-पोरं असलेला पुरुषही जोखमीत असू शकतो आणि आजच्या नियमात त्याच्याकडे दुर्लक्ष होऊ शकतं. मात्र आडोशाशिवाय ती आपल्याकडे चालणार नाही. उत्तरं खोटीच येतील.

आणखी एक. एचआयव्ही तपासून मिळेल म्हणून शिबिरात येणारेही असतात. त्यांच्यासाठी दारातच ठळक पाटी लावावी: चाचणी हवी असेल तर सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात जा, ती मोफत आणि गुप्त असते, माहितीसाठी १०९७ वर फोन करा.