सिस्टरची भूमिका

आज दुपारी आमच्या आवारातील स्किल लॅबमध्ये, म्हणजे पुतळ्यांवर उपचारांचा सराव करण्याच्या खोलीत, वैद्यकीय महाविद्यालयाच्या इंटर्नसाठी बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचा सराव होता. मला ट्रे लावण्यासाठी बोलावले होते. रक्त थांबवण्याचे औषध ऑक्सिटोसिन, सलाइन, लघवीची नळी, हातमोजे हे सगळे मांडून द्यायचे आणि मागे भिंतीला टेकून उभे राहायचे, एवढेच माझे काम. पुतळ्यातून लाल पाणी वाहू लागले, एक मुलगा डॉक्टर झाला, एक मुलगी नातेवाईक झाली, आणि "सिस्टर कोण?" असे विचारल्यावर शेवटच्या रांगेतल्या एका मुलाला मित्रांनी पुढे ढकलले. सगळे हसले, तोही हसला. पुढच्या १० मिनिटांत त्याच्या तोंडून तीनच वाक्ये निघाली : "हो सर", "आणते सर" आणि "दिलं सर". सराव उत्तम झाल्याचे जाहीर झाले आणि चहा आला.

त्या खोलीपासून २०० पावलांवर माझ्या जीएनएमच्या, म्हणजे परिचारिकांच्या पदविकेच्या, तिसऱ्या वर्षाच्या ४० मुली हाच धडा पुस्तकातून वाचत बसल्या होत्या. त्यांच्यापैकी निदान चौघींना या सरावात घ्यावे, अशी विनंती मी पंधरवड्यापूर्वी केली होती. "मॅडम, त्यांचं वेगळं घ्या ना, लेव्हल वेगळी असते," हे उत्तर मिळाले. हाकेच्या अंतरावर ४० मुली असताना सिस्टरचे सोंग घ्यायला एका मुलाला ढकलावे लागते, आणि यात काही विचित्र आहे असे त्या खोलीत कोणालाही वाटत नाही, याचा मला संताप आला आहे. तो अजून उतरलेला नाही, म्हणून लिहीत आहे.

१९९६ साली मी स्वतः तिसऱ्या वर्षाला होते. मराठवाड्यातील एका रुग्णालयात बाळंतिणींच्या वॉर्डात माझी रात्रपाळी होती. खिडकीजवळच्या खाटेवर २२ वर्षांची मुलगी होती, पहिलेच बाळंतपण, दुपारी सुखरूप झालेले. रात्री अकराच्या सुमारास वॉर्डातल्या मावशी माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सिस्टर, त्या खिडकीपाशीच्या पोरीची चादर तिसऱ्यांदा बदलली मी. मला बरं दिसत नाही ते." मी स्टाफ सिस्टरांना सांगितले, त्यांनी हाउसमनला, म्हणजे ड्युटीवरच्या कनिष्ठ डॉक्टरला, फोन केला, आणि पलीकडून आवाज आला, "बीपी ठीक आहे ना? मग राउंडला बघतो." बीपी ठीकच होते. तरुण बाईचे बीपी पुष्कळ रक्त जाईपर्यंत तग धरून असते, आधी नाडी धावू लागते, हे आज मी प्रत्येक वर्गाला घसा फोडून सांगते. त्या रात्री ते चादरी बदलणाऱ्या मावशींना समजले होते आणि आम्हा शिकलेल्यांना समजले नव्हते. पाऊण तासाने ती मुलगी पाणी मागू लागली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. ती वाचली, पण पहाटे तिचे गर्भाशय काढावे लागले.

त्या हाउसमनवर मी पुढे कितीतरी वर्षे मनातल्या मनात चिडत राहिले. आज स्किल लॅबमध्ये भिंतीला टेकून उभी असताना मात्र वाटले, की त्यालाही कोणीतरी असाच सराव दिला असणार, ज्यात सिस्टर फक्त "हो सर" म्हणते. वॉर्डात पेशंटची खबर खाटेपासून निघते. मावशी चादर पाहते, विद्यार्थिनी तक्ता भरते, सिस्टर पेशंटला पाहते, आणि डॉक्टरपर्यंत हे सगळे शेवटी पोहोचते. सराव करायचा तर या वाटेचा करायला हवा. गर्भाशय कसे चोळायचे आणि ऑक्सिटोसिन किती द्यायचे हे दोघांनाही पुस्तकातून येते. "सर, मला हे ठीक वाटत नाही, तुम्ही आत्ता या" हे वाक्य १९ वर्षांच्या मुलीने कसे म्हणायचे आणि २३ वर्षांच्या मुलाने ते कसे ऐकायचे, हे दोघांना समोरासमोर उभे केल्याशिवाय कसे येईल?

गंमत अशी, की कागदावर सगळे आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेले नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, परिचर्या, फिजिओथेरपी अशा सगळ्यांना एकाच शिक्क्याच्या पदव्या देत आले आहे, पण एका विद्यापीठाची ही मुले एका वर्गात बसलेली मी तरी पाहिलेली नाहीत. एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात डॉक्टरने आरोग्यसंघाचा 'नेता आणि सदस्य' असावे, असे लिहिले आहे. आमची मुले पहिला शब्द वाचून पुस्तक मिटतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी जी यादी दिली, तीत चाकू लावण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावे, असे कलम आहे. जिथे सिस्टरला आयुष्यभर 'सिस्टर' आणि वॉर्डबॉयला 'मामा' एवढेच नाव असते, तिथे हे कलम वाचताना मला हसू येते आणि मग वाईट वाटते.

मान्य आहे, शेवटची सही डॉक्टरची असते आणि काही बिनसले तर न्यायालयातही तोच उभा राहतो. इंटर्नच्या ड्युट्या किती लांबतात तेही मी रोज पाहते, आणि रक्त वाहत असताना कोणी मतदान घेत बसत नाही. ठीक आहे. पण या कशामुळेही त्या चौघींना सरावाबाहेर ठेवण्याचे कारण मिळत नाही.

आता बाळंतिणीच्या खाली आकडे छापलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजता येते. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातील ज्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, त्यात अशी पिशवी लावली आणि रक्तस्राव ओळखताच सगळे उपचार एकदमच सुरू केले, तेव्हा गंभीर प्रकार खूपच कमी झाले. आमच्याकडेही त्या पिशव्या याव्यात. पण पिशवी स्वतः फोन करत नाही. तिच्यावरचा ५०० मिलिलिटरचा आकडा पाहणारी बाई जर "मला कोण विचारतं" म्हणून गप्प बसणार असेल, तर चादर काय आणि पिशवी काय.

इथपर्यंत लिहिले आणि थांबले, कारण वर मी एक गोष्ट गाळली आहे. मावशींनी सांगितल्यावर मी लगेच स्टाफ सिस्टरांकडे गेले नव्हते. मी म्हणाले होते, "मावशी, बाळंतपणात रक्त जातंच. तुम्ही तुमचं काम बघा." त्याच आठवड्यात तो धडा झाला होता आणि मला सगळे येत होते. त्या गेल्या, १५ मिनिटांनी पुन्हा आल्या, आणि त्यांचा चेहरा पाहून मग मी उठले. ती १५ मिनिटे हाउसमनच्या खाती नाहीत. पहाटे मावशींनीच त्या मुलीच्या बाळाला गुंडाळून मांडीवर घेतले होते आणि माझ्याकडे पाहून एक शब्दही बोलल्या नाहीत.

गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले, बाळाचे श्वास मोजायला आणि वेळ पडल्यास इंजेक्शन द्यायला शिकवले, आणि तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले. तिथे त्या बायकांचा शब्द मोजला गेला. मी माझ्या मावशींचा मोजला नाही, आणि गेली २० वर्षे मुलींना शिकवतानाही वॉर्डातल्या मावशींना मी एकदाही वर्गात बोलावलेले नाही. ट्रे पुसायला बोलावले आहे.

विभागप्रमुखांना देण्यासाठी अर्ज लिहून ठेवला आहे. त्यात चार मुलींच्या जोडीला वॉर्डातल्या एका मावशींचेही नाव घातले आहे, तेवढ्यावरूनच तो परत येईल असे वाटते. उद्या सकाळी ९ वाजता त्याच खोलीत, त्याच पुतळ्यावर माझ्या मुलींचा वेगळा सराव आहे. आताच एकीचा मेसेज आला : "मॅडम, उद्या डॉक्टर कोण होणार?"